साठीनंतर टेबल टेनिसमधले ट्रिक शॉट : कोणते शिकावेत, सराव कसा करावा?

टिळकवाडीकर_अण्णा

नमस्कार मंडळी.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, संकेश्वर या आपल्या पट्ट्यात माझ्या वयाचे टीटी खेळणारे बरेच आहेत. कुणी बँकेतून निवृत्त, कुणी शाळेतून, कुणी अजून दुकान सांभाळून संध्याकाळी तासभर येणारे. त्यांच्याशी एका विषयावर मनापासून बोलायचं आहे, म्हणून हा धागा.

माझं वय ६४. कॉलेजात असताना खेळत होतो, मग संसार-नोकरीत सुटलं, निवृत्तीनंतर पुन्हा धरलं. आता तरुण पोरांच्या टॉपस्पिनपुढे (पुढच्या दिशेच्या जोरदार फिरकीपुढे) टेबलापासून मागे सरून रॅली खेळणं माझ्या गुडघ्यांना झेपत नाही. पण गेल्या काही वर्षांत मी एक गोष्ट नेटाने करतोय, ती म्हणजे ट्रिक शॉटचा सराव. नेटवरून परत येणारी सर्व्हिस, टप्पा पडल्यावर बाजूला पळणारा साइडस्पिन, नेटच्या बाहेरून वळवून टाकलेला बॉल. माझं ठाम मत झालंय की हे शॉट आपल्या वयाच्या माणसाने शिकायलाच हवेत. पायांचा वेग कमी होतो, पण मनगट, बोटं आणि बॉलवरची फिरकी ओळखण्याची नजर या वयातही तयार होते. ट्रिक शॉट बहुतांशी याच तीन गोष्टींवर चालतात.

सुरुवात परत येणाऱ्या सर्व्हिसपासून करा. सर्व्हिस समोरच्याच्या बाजूला एक टप्पा घेते आणि उलटी फिरून नेटवरून आपल्याकडे येते. यूट्यूबवर पोरं करतात ते बघून जादू वाटते, पण मागे साधा हिशेब आहे. बॉलला मागच्या दिशेची फिरकी भरपूर हवी आणि पुढे जाण्याचा वेग अगदी थोडा हवा. टप्पा पडला की टेबलाचं घर्षण त्या फिरकीमुळे बॉलला मागे ढकलतं. पुढचा वेग जास्त असेल तर फिरकी कितीही असो, बॉल पुढेच जाणार.

टेबलावर लगेच जाऊ नका. आधी घरात, सतरंजीवर. बॉल समोर टाकायचा आणि खालून घासून पुढे सोडायचा. सतरंजीवर टप्पा पडून तो तुमच्या पायाशी परत आला पाहिजे. सतरंजीवर जमलं की फरशीवर, फरशीवर जमलं की टेबलावर. बॉलवर मार्करने एक जाड रेघ ओढून ठेवा. रेघ स्वच्छ दिसली तर फिरकी लागली नाही, नुसता धक्का लागला. रेघ पुसट होऊन पट्टा दिसला तर लागली.

टेबलावर आल्यावर बॅटची पकड सैल करा. हँडलवरची मागची तीन बोटं काढून घ्या, अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत ब्लेड (बॅटची फळी) धरा, म्हणजे मनगट मोकळं होतं. बॉल वर टाकल्यावर घाई नको. तो खाली येऊ द्या, टेबलाच्या उंचीच्या थोडाच वर असताना बॅट जवळजवळ आडवी ठेवून त्याच्या पोटाखालून घासा. आवाज ‘टक्’ आला की चुकलं, रबर घासल्याचा बारीक आवाज यायला हवा. आपल्या बाजूचा पहिला टप्पा नेटच्या बऱ्यापैकी जवळ पडावा, म्हणजे पलीकडचा टप्पाही आखूड पडतो.

तुम्ही कोणते शॉट करता, कसा सराव करता, कुठे अडता, सगळं लिहा. कुणाला हे पटत नसेल तर तेही लिहा.

---

निपाणकर_सर

अण्णा, तुमचा उत्साह आवडला, पण माझा विरोध नोंदवतो.

मी शाळेत मुलांना टीटी शिकवतो. आमच्याकडे येणारा प्रत्येक मुलगा मोबाइलवर काहीतरी बघून येतो आणि पहिल्या दिवशी पाठीमागून बॉल मारायला जातो. त्याला पुश (बॉल खालून घासून हळू परत टाकणं) येत नाही, ब्लॉक (जोरात आलेला बॉल नुसती बॅट धरून अडवणं) येत नाही. मला भीती अशी की मोठी माणसंही तेच करतील. साठीला खेळ पुन्हा धरणाऱ्याने आधी पाच-पंचवीस बॉल न चुकता बॅकहँडने टेबलावर ठेवायला शिकावं. त्यात घाम येतो, श्वास सुधारतो, समोरच्यालाही खेळायचा आनंद मिळतो. रोज तासभरच टेबल मिळत असेल तर तो तास चमत्कारात का घालवायचा?

दुसरं, सामन्यात समोरचा मागे पडलेला असताना असा शॉट टाकला तर त्याला वाटतं आपली थट्टा चालली आहे. आपल्याकडे खेळायला येणारी माणसं एकमेकांच्या ओळखीची, नात्यातली. मन दुखावलं की माणूस यायचं बंद करतो.

---

चिकोडीचा_संतोष

सर, तुमचा दुसरा मुद्दा मान्य. पहिला अर्धा मान्य.

मी पंचगिरी करतो, त्यामुळे आधी नियमांचं लिहितो. प्रत्येक ठिकाणी यावरून वाद होतात.

नेटच्या बाहेरून वळवून आलेला बॉल पूर्ण वैध आहे. नियमात ‘नेटवरून किंवा नेटच्या बाजूने’ असंच आहे. नेटचा खांब साइडलाइनच्या बाहेर १५.२५ सेंटिमीटरपर्यंत असतो. त्याच्याही बाहेरून बॉल आला तर तो नेटपेक्षा उंचावरून यायची गरज नाही, टेबलाच्या पातळीच्या खालून वर येऊन टेबलावर पडला तरी चालतो.

परत येणारी सर्व्हिस : समोरच्याने बॉलला हात न लावता तो नेटवरून परत आला तर पॉइंट सर्व्हिस करणाऱ्याचा. पण त्याच्या बाजूला टप्पा पडून गेल्यावर तो नेटवरून हात पुढे करून किंवा बाजूने येऊन बॉल मारू शकतो. नेटला धक्का लागता कामा नये, टेबल हलता कामा नये आणि मोकळा हात टेबलाच्या पृष्ठभागावर टेकता कामा नये. यातलं काहीही झालं तर पॉइंट गेला. वयस्कर खेळाडूंचा इथेच घोटाळा होतो. पुढे झुकताना तोल जातो आणि आधाराला डावा हात टेबलावर जातो.

बॅट एका हातातून दुसऱ्या हातात घेऊन मारलं तर चालतं. जर्मनीचा टिमो बोल असे शॉट खेळायचा. बॅट धरलेल्या हाताच्या मनगटाखाली, म्हणजे बोटांवर, बॉल लागून गेला तरी चालतो. बॅट फेकून मारली तर नाही, बॅट हातात हवी.

सर्व्हिसला तळहात सपाट, उघडा, बॉल किमान १६ सेंटिमीटर वर गेला पाहिजे आणि २००२ पासून शरीराने किंवा हाताने तो समोरच्यापासून लपवता येत नाही. सांधेदुखीमुळे तळहात पूर्ण उघडत नसेल तर ते आधी पंचांना सांगा. शारीरिक अडचण असलेल्यांना या बाबतीत सवलत द्यायचा अधिकार पंचाला आहे. हे फार कमी लोकांना माहीत असतं, म्हणून मुद्दाम लिहिलं.

---

टिळकवाडीकर_अण्णा

संतोष, फार उपयोगी लिहिलंस. सवलतीचं आमच्या गटात आजच सांगतो. आमच्यातल्या एका मित्राची बोटं संधिवाताने वाकली आहेत आणि तो याच कारणाने स्पर्धेत नाव देत नाही.

निपाणकर सर, पाया पक्का हवा यात दुमत नाही. पण माझा अनुभव असा की परत येणारी सर्व्हिस शिकताना माझा साधा पुश सुधारला. कारण बॉलला किती बारीक घासायचं हे त्या सरावातच हाताला कळलं. आधी मी पुश म्हणजे बॅट पुढे ढकलणं समजत होतो. आता समोरच्याचा चॉप (मागच्या दिशेच्या फिरकीचा फटका) किती भरलेला आहे हे त्याच्या मनगटाकडे बघून समजतं. फिरकी तयार करायला शिकलं की समोरून येणारी फिरकी वाचताही येते. या वयात आपल्याला त्याचीच गरज आहे, कारण बॉल कुठे जाणार हे आधी कळलं तर पाऊल कमी टाकावं लागतं.

---

शहापूरची_वहिनी

अण्णा, मी ५६ वर्षांची. कॅम्पातल्या एका हॉलमध्ये आम्ही चार बायका खेळतो, सोबत लेकीच्या वयाच्या दोघी. बघायला येणारे सुरुवातीला म्हणायचे, ‘ह्या वयात काय खेळायलाय?’ आता तेच बसून बघतात.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. पहिली चष्म्याची. मला प्रोग्रेसिव्ह नंबर आहे. सर्व्हिस टाकताना बॉल खाली आला की तो पुसट दिसतो आणि नेमकं तेव्हाच घासायचं असतं. दुसरी पावसाची. जूनपासून सप्टेंबरपर्यंत आपल्याकडे भिंतीसुद्धा ओल्या असतात. तेव्हा माझी फिरकी एकदम जाते, बॉल रबरावरून सटकतो. हात चुकतोय की रबर?

---

फिजिओ_खानापूर

वहिनी, चष्म्याचं आधी सांगते. प्रोग्रेसिव्ह काचेत खालचा भाग वाचनाच्या अंतरासाठी असतो. टीटीत बॉल कमरेच्या आसपास असतो, म्हणजे डोळे नेमके त्या भागातून बघतात, पण बॉल वाचनाच्या अंतरावर नसतो. म्हणून पुसट दिसतं. डोळ्यांच्या डॉक्टरांना टेबलाची लांबी सांगा, ती २.७४ मीटर, आणि खेळायला एकाच नंबरची वेगळी काच करून घ्या. काच पॉलिकार्बोनेटची मागा, सहसा फुटत नाही. खेळताना अंतराचा अंदाज एकाएकी चुकायला लागला तर मोतीबिंदूची तपासणीही करून घ्या. माझ्याकडे ‘रिफ्लेक्स गेले’ म्हणून येणाऱ्या काहींना खरं तर नीट दिसतच नसतं.

आता शरीराचं. या धाग्यावर हे कुणीतरी लिहायलाच हवं होतं.

पाठीमागून बॉल मारायचा शॉट चाळिशी-पन्नाशीनंतर जपून. त्यात खांदा आत वळून मागे जातो. ज्यांना मधुमेह आहे त्यांच्यात खांदा आखडण्याचं प्रमाण जास्त असतं. अशा खांद्याने हा शॉट झटक्यात मारला तर महिनोन्‌महिने दुखणं. चाचणी सोपी आहे : पाठीमागे हात नेऊन तुमचा अंगठा कुठवर पोचतो ते बघा. कमरेच्या वर सहज जात नसेल तर तो शॉट सोडून द्या. जात असेल तर आधी बॅट न घेता, मग बॅट घेऊन सावकाश, मग कुणीतरी हाताने हळू टाकलेल्या बॉलवर.

पायांमधून मारायच्या शॉटसाठी पोरं उडी मारतात. तुम्ही उडी मारू नका. उंच, हळू आलेल्या बॉलकडे पाठ करून दोन्ही पाय जमिनीवर ठेवून मारता येतो, पण मागे फिरताना गुडघा पिळू देऊ नका. टाच उचलून पंजावर वळा. पाऊल जमिनीला चिकटलेलं आणि वरचं शरीर फिरलेलं, अशा स्थितीत गुडघ्याच्या गादीला इजा होते.

आणि तोल. भिंतीजवळ उभं राहून एका पायावर थांबायचा सराव रोज करा, दात घासताना करा. नेटवरून पुढे झुकताना डावा हात टेबलावर जातो असं संतोष यांनी लिहिलंय, त्याचं कारण तोलच आहे. तोल सुधारला की तो पॉइंटही वाचेल आणि पडणंही.

मनगटाच्या सर्व्हिसचा सराव थोडा-थोडा करा. एकाच बैठकीत तासभर तीच हालचाल केली तर अंगठ्याच्या मुळाशी दुखायला लागतं. तसं दुखलं की थांबायचं, दाबून खेळायचं नाही.

---

उद्यमबागेचा_टर्नर

वहिनींच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी देतो. रबर चुकतंय, हात नव्हे.

गुळगुळीत रबर बॉलला पकडतं ते पृष्ठभागाच्या चिकटपणाने. हवेतली ओल रबरावर बसली की मध्ये पाण्याचा अगदी पातळ थर येतो आणि बॉल त्यावरून घसरतो. बॉलही ओला असतो. उपाय : बॅट बॅगेतून काढल्यावर लगेच खेळू नका, हॉलच्या हवेत थोडा वेळ राहू द्या. सुती टॉवेल दोन ठेवा, एक घामाला, एक फक्त बॅटला. दोन पॉइंटांच्या मध्ये रबर पुसा, बॉलही पुसा. खेळून झालं की स्वच्छ पाण्याच्या ओल्या कापडाने धूळ पुसायची, वाळू द्यायचं आणि वर प्लॅस्टिकची फिल्म लावून ठेवायची. पावसाळ्यात परत येणाऱ्या सर्व्हिसपेक्षा जास्त भरवसा लाँग पिंपल्सच्या (लांब दाण्यांच्या रबराच्या) शॉटवर ठेवा, त्यांना ओलीचा त्रास कमी होतो.

आता अण्णांच्या साइडस्पिनबद्दल, कारण तिथे बहुतेक जण अडतात. फिरकीचा आस कुठल्या दिशेला आहे यावर सगळं आहे. बॉल भोवऱ्यासारखा उभ्या आसावर फिरत असेल तर तो हवेत वळतो, पण टप्पा पडल्यावर फारसा बाजूला जात नाही. आणि आस बॉलच्या जाण्याच्या दिशेतच असेल, म्हणजे लेथच्या चकमध्ये धरलेला जॉब किंवा भिंतीत जाणारा स्क्रू फिरतो तसा बॉल फिरत पुढे जात असेल, तर हवेत तो जवळजवळ सरळ येतो आणि टप्पा पडला की झटकन बाजूला जातो. समोरच्याची बॅट हवेत राहते ती या दुसऱ्या प्रकाराने.

तो काढायचा तर बॅट बॉलच्या एका बाजूने, खालून-वर किंवा वरून-खाली गेली पाहिजे. नुसती आडवी फिरवली तर पहिला प्रकार निघतो. अमेरिकेचा अ‍ॅडम बोब्रो, जो आंतरराष्ट्रीय सामन्यांचं समालोचन करतो, त्याचा ‘स्नेक शॉट’ बघा. बॉल हळू, थोडा उंच, समोरच्याला वाटतं आता मारतोच, आणि टप्प्यानंतर बॉल तिथे नसतो. त्यात जोर नाहीच. म्हणून आपल्या वयाला तो चांगला.

सरावाला दोन वस्तू मी घरी केल्या, कुणाला हव्या असतील तर करून घ्या. पहिली, बॉल उचलायची नळी. पीव्हीसी पाइपचा कमरेएवढा लांब तुकडा, बॉल आत सहज सरकेल एवढा रुंद, बॉल ४० मिलिमीटरचा आहे हे लक्षात ठेवा. खालच्या तोंडापासून बोटभर वर आरपार चार छिद्रं पाडून त्यातून दोन रबरी दोऱ्या ओवायच्या, म्हणजे बाजूला-बाजूला दोन दोऱ्या आडव्या येतात. पाइप बॉलवर दाबला की दोऱ्या फाकून बॉल आत जातो आणि खाली पडत नाही. बादलीभर बॉल वाकल्याशिवाय उचलले जातात. एकट्याने सराव करणाऱ्या वयस्कर माणसाची कंबर शॉट मारून दुखत नाही, बॉल उचलून दुखते.

दुसरी, टेबलाच्या पलीकडे लावायची जाळी. जुनी मच्छरदाणी आणि दोन बांबू. बॉल भिंतीला लागून हॉलभर पळत नाहीत. उद्यमबागेत माझ्या शॉपमध्ये नमुना आहे, बघायला या.

---

शहापूरची_वहिनी

टर्नरदादा, मच्छरदाणीची कल्पना लई भारी! ह्याच आठवड्यात करतेय. आमच्या हॉलमध्ये बॉल पंख्याच्या मागे आणि स्टेजच्या खाली जाऊन अर्धा वेळ तिथेच जायलाय.

फिजिओताई, अंगठ्याची चाचणी केली. उजवा जातोय, डावा नाही.

---

फिजिओ_खानापूर

वहिनी, मग हात बदलून पाठीमागून मारायचं नाही, उजव्यानेच. आणि डाव्याचा व्यायाम सुरू करा. गरम पाण्याने आंघोळ झाल्यावर पाठीमागे टॉवेल दोन्ही हातांनी धरून उजव्याने हळू वर ओढायचा, डावा आपोआप वर जातो. दुखेपर्यंत नाही, ओढ लागेपर्यंत.

---

निपाणकर_सर

सगळं वाचलं. बॉल उचलायची नळी मी शाळेसाठी करून घेणार.

टर्नर यांचा आसाचा मुद्दा मला नव्याने कळला, इतकी वर्षं शिकवतोय तरी. मुलांनाही तसाच समजावून सांगेन. पण माझा आग्रह कायम आहे : सरावाचा पहिला भाग साध्या रॅलीचा, शेवटचा भाग या शॉटांचा. उलटं केलं तर थकलेल्या पायांनी रॅली होते आणि तिथे दुखापत होते.

एक इतिहासातली गोष्ट सांगावीशी वाटते. १९५२ ची जागतिक स्पर्धा मुंबईत झाली होती. तेव्हा सगळे कडक, पिंपल्सच्या रबराच्या बॅटने खेळायचे. जपानचा हिरोजी सातो जाड स्पंजची बॅट घेऊन आला. त्या बॅटीला आवाजच नव्हता. बॉल बॅटला लागल्याच्या आवाजावरून वेग ओळखायची सवय असलेले मोठमोठे खेळाडू त्याच्यापुढे गोंधळले आणि तो विजेता झाला. त्या वेळी अनेकांना ती नुसती क्लृप्ती वाटली. पुढे स्पंजनेच सगळा खेळ बदलला. आज रबर आणि स्पंज मिळून ४ मिलिमीटरपेक्षा जाड चालत नाही, हा नियम त्याच वाटेने आला. तेव्हा आजचा ट्रिक शॉट उद्या साधा शॉट होऊ शकतो, हे मला मान्य आहे. बॅकहँडने टेबलावरचा आखूड बॉल मनगट फिरवून उचलायचा फ्लिकही सुरुवातीला हौशीचाच वाटायचा, आज चौदा वर्षांचं पोर तो खेळतं.

समोरच्याच्या मनाचं मात्र जपा. आमच्याकडे मी असा रिवाज घातलाय की मैत्रीच्या खेळात शॉट यशस्वी झाला की तो कसा केला ते समोरच्याला तिथल्या तिथे दाखवायचं. मग कुणाला राग येत नाही, उलट दुसऱ्या दिवशी तो स्वतः करून दाखवतो.

---

संकेश्वरचा_डावखुरा

हा रिवाज फार आवडला सर. आमच्या गटात आजपासून.

मी ७० चा आहे. माझा ट्रिक शॉट पायाचा नाही, खांद्याचाही नाही, बोटांचा आहे : बॅट हातातल्या हातात फिरवायची. एका बाजूला गुळगुळीत रबर, दुसऱ्या बाजूला लाँग पिंपल्स. लाँग पिंपल्स समोरून आलेली फिरकी तशीच राहू देतात, त्यामुळे समोरच्याला ती उलटी होऊन मिळते. त्याने टॉपस्पिन मारला की आपल्या ब्लॉकवर त्याला चॉप येतो. आता रॅलीच्या मध्येच बॅट फिरवून गुळगुळीत बाजूने तीच हालचाल केली तर चॉप येत नाही आणि त्याचा बॉल बाहेर जातो. दोन्ही बाजूंचे रंग वेगळे असतात, तो बघू शकतो, पण बघायला वेळ लागतो.

सराव टीव्ही बघताना होतो. हँडल बोटांच्या टोकांवर सैल धरून अंगठ्याने ढकलायचं, अर्धा फेरा, पुन्हा पकड. न बघता जमेपर्यंत टेबलावर वापरू नका. मला पहाटे बोटं आखडतात, त्यावरही हा व्यायाम मानवलाय.

ज्यांना वाटतं हे म्हाताऱ्यांचे चाळे आहेत त्यांनी लक्झेंबर्गच्या नी शियालियान यांचा खेळ बघावा. १९६३ चा जन्म, पेनहोल्ड (पेन धरतो तशी) पकड, लाँग पिंपल्स, आणि पॅरिस २०२४ च्या ऑलिंपिकमध्ये ६१ व्या वर्षी पहिली फेरी जिंकल्या. टेबलाजवळ उभ्या राहून, चार पावलं न टाकता, समोरचीला दोन्ही कडांना पळवतात. आपल्याकडे मनिका बत्रा बॅकहँडला लाँग पिंपल्स वापरते आणि मध्येच बॅट फिरवते, तेही बघण्यासारखं आहे. आणि शरथ कमल? २०२२ ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत एकेरीचं सुवर्ण त्याने चाळिसाव्या वर्षी जिंकलं.

---

चिकोडीचा_संतोष

काका, स्वीडनच्या वाल्डनरला कसं विसरलात! १९९२ चं ऑलिंपिक सुवर्ण जिंकलेला माणूस २००४ ला अथेन्समध्ये ३८ व्या वर्षी चीनचा मा लिन आणि टिमो बोल दोघांना हरवून उपांत्य फेरीत गेला. त्याच्या सर्व्हिस आजही सावकाश करून बघाव्यात अशा आहेत. शेवटच्या क्षणापर्यंत बॅट कुठल्या दिशेला जाणार हे कळत नाही.

लाँग पिंपल्सबाबत एक सूचना : स्पर्धेत खेळणार असाल तर रबर मान्यताप्राप्त यादीतलं आहे का ते बघून घ्या. रबरावर मान्यतेची खूण छापलेली असते, ती हँडलजवळ दिसेल अशी चिकटवा. आणि समोरच्याने सामन्याआधी बॅट बघायला मागितली तर द्यावी लागते.

---

टिळकवाडीकर_अण्णा

एवढ्या आस्थेने सगळ्यांनी लिहिलं, मन भरून आलं. डावखुरेकाका, तुम्ही सत्तरीत हे शिकवताय, तुम्हाला नमस्कार.

नेटच्या बाहेरून टाकायच्या शॉटबद्दल लिहायचं राहिलं होतं. तो माझा सगळ्यात आवडता, आणि आपल्या वयाला धोक्याचाही, कारण तो धावत जाऊन मारला जातो. मी तो धावून शिकलो नाही. माझा जोडीदार शिवानंद, एका गॅरेजमध्ये काम करणारा कन्नड मुलगा, बादलीतून बॉल टाकतो. मी आधीच टेबलाच्या उजव्या कोपऱ्याबाहेर, साइडलाइनपासून हातभर लांब उभा राहतो. तो बॉल कोनात टाकतो, टप्पा पडून बॉल माझ्याकडे बाहेर येतो. तो खाली पडू द्यायचा, अगदी गुडघ्याच्या जरा वर येईपर्यंत. मग बॅट बॉलच्या बाहेरच्या बाजूने, मागून-पुढे, घासत. बॉल बाहेरून जातो आणि आत वळून समोरच्या टेबलावर पडतो. टप्पा घेऊन तो उसळत नाही, सरपटतो. तो सरपटला की शिवानंद ‘इन्नोम्मे, काका!’ (पुन्हा एकदा) म्हणून ओरडतो आणि पुढचा बॉल टाकतो. उभ्याने जमल्यावर एक पाऊल टाकून, मग दोन. तिसऱ्या पावलाला मी अजून गेलेलो नाही आणि फिजिओताईंचं वाचल्यावर पंजावर वळायचं आधी पक्कं करणार.

टार्गेट म्हणून समोरच्या कोपऱ्यात कागद ठेवा, ग्लास-बाटली नको. कागदावर बॉल पडला की आवाज येतो, वर बघावंही लागत नाही.

निपाणकर सर, सरावाची तुमची पद्धत मी उलटी करत होतो, आधी ट्रिक आणि मग रॅली. आता तुमच्या क्रमाने करून बघतो. गणपतीच्या दिवसांत मंडळाचं टेबल घडी करून ठेवलेलं असतं, तेव्हा सतरंजीवरच्या सर्व्हिसचा आणि बॅट फिरवण्याचा सराव करणार.

एक विचारायचं होतं. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की एखाद्या रविवारी सगळ्यांनी बेळगावात जमायचं का? दोन टेबलं मिळतात. स्पर्धा नाही, फक्त एकमेकांना शॉट दाखवायचे.

---

निपाणकर_सर

मी येतो. शाळेतली दोन मुलंही आणतो, त्यांनी डावखुरेकाकांची बोटं बघावीत अशी इच्छा आहे.

---

शहापूरची_वहिनी

आम्ही चौघीही. जेवणाचं आमच्याकडे लागलं. फिजिओताई, तुम्ही येऊन सगळ्यांचे खांदे बघा की.

---

फिजिओ_खानापूर

येते. सकाळी खेळायच्या आधी अर्धा तास मला द्या. बुटांचे तळवे गुळगुळीत झाले असतील तर त्याआधी बदलून घ्या, हॉलची फरशी कोरडी असली तरी.

---

उद्यमबागेचा_टर्नर

पाइपच्या नळ्या किती लागतील ते इथे सांगा, एकदमच कापून आणतो. संकेश्वरकर काका, तुमची जुनी बॅट सोबत आणा, हँडल बोटांना जड जात असेल तर घासून बारीक करून देतो.